चौदा वह्या

गेल्या वर्षी जूनच्या पहिल्या रविवारी मी शंभर पानी चौदा वह्या पिशवीत घालून देवळात गेले. नगरच्या आमच्या चर्चची रविवारची शाळा (माझी आई अजून तिला शब्बाथशाळाच म्हणते) सकाळच्या उपासनेआधी तासभर भरते. आठवी ते बारावीचा वर्ग माझ्याकडे आहे. मुलं चौदा. त्यांची नावं इथे येणार नाहीत, कारण पुढे जे सांगणार आहे ते त्यांच्या घरातलं आहे.

पाळकसाहेबांनी त्या वर्षी आत्म्याच्या फळातला एकेक शब्द एकेका वर्गाला नेमून दिला होता. बायबलमधल्या गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात नऊ शब्द ओळीने येतात: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. बालवर्गाला आनंद मिळाला, मधल्यांना शांती, आमच्या वाट्याला ममता आली. ममता म्हणजे दयाळूपणा, लोकांशी चांगलं वागणं, असं मी धरून चालले. पुढचे तीन महिने त्या शब्दाकडे मी नीट पाहिलंसुद्धा नाही.

मी एका पतसंस्थेत बावीस वर्षं रोखपाल आहे. संध्याकाळी रोजमेळ जुळल्याशिवाय मी खुर्चीतून उठत नाही. मुलांना चांगुलपणा शिकवायचा तर त्याचीही नोंद हवी, हे मला अगदी स्वाभाविक वाटलं. रोज दयेचं एक तरी काम करायचं, तारीख घालून वहीत लिहायचं, रविवारी वर्गात वाचायचं. नाताळात ज्याच्या नोंदी सगळ्यांत जास्त त्याला बक्षीस. मुलांनाही कल्पना आवडली. पहिले काही रविवार वर्ग अगदी भरून गेला होता.

नोंदी अशा असायच्या: ‘बसमध्ये आजीबाईंना जागा दिली.’ ‘कुत्र्याला बिस्किटं घातली.’ ‘वर्गातल्या मुलीला रसायनशास्त्राच्या नोट्स दिल्या.’ ‘भावाला माफ केलं. तिसऱ्यांदा.’ नववीतल्या एका मुलाची वही जुलै संपायच्या आत अर्धी भरली. त्यानेच एकदा विचारलं, “टीचर, एकाच माणसाला दोनदा मदत केली तर दोन धरायच्या का?” मी म्हटलं, “हो, दोन धर.” तो प्रश्न ऐकून मी तिथेच थांबायला हवं होतं. मी थांबले नाही. उलट त्याच्या उत्साहाचं मला कौतुक वाटलं.

अकरावीतली एक मुलगी मात्र दर रविवारी कोरी वही घेऊन यायची. मी दोनदा समज दिली. तिसऱ्यांदा जरा कडक बोलले, तेव्हा ती म्हणाली, “काही झालंच नाही टीचर, लिहिण्यासारखं.” तिच्या आजोबांना अर्धांगवायू झालेला होता. त्यांना उठवणं, अंघोळ घालणं, भरवणं, सगळं शाळेआधी आणि शाळेनंतर तीच करत होती. हे मला सप्टेंबरात कळलं, तेही तिच्या आईकडून. मी तिला विचारलं, अगं, हे का नाही लिहिलंस? ती गोंधळून माझ्याकडे बघत राहिली. “पण ते तर आमचेच आहेत ना,” ती म्हणाली. “ते पण लिहायचं असतं का?”

तिचं ते उत्तर मला पूर्ण समजायला आधी ऑगस्टमध्ये जे घडलं ते घडावं लागलं.

आमच्या चर्चचा एक छोटा मदतनिधी आहे. त्यातून अडचणीत असलेल्या कुटुंबांना शिधा जातो. यादी महिला मंडळ करतं. ऑगस्टमध्ये अकरा घरं होती. पाच किलो गहू, तांदूळ, तूरडाळ, गोडेतेल, साखर, चहा, अंगाचा साबण. पिशव्या भरायला आणि घरोघर पोचवायला माझा वर्ग येईल, असं मीच पुढे होऊन सांगितलं. शनिवारी दुपारी मुलं आली. हसत-खेळत पिशव्या भरल्या. महिला मंडळाच्या सेक्रेटरीबाईंनी पत्त्यांच्या चिठ्ठ्या माझ्या हातात दिल्या आणि मी त्या न वाचता चार-चार मुलांच्या गटांना वाटल्या. एक मुलगा त्या दिवशी आला नव्हता. पोट दुखतंय असा त्याचा सकाळी निरोप होता.

एका चिठ्ठीवर त्याच्याच घराचा पत्ता होता.

चार मुलं चाळीचा जिना चढून गेली. दार त्याच्या आईने उघडलं. मुलांना कळलं, पण पिशवी हातात होती, काय करावं ते त्यांना सुचेना. त्यांनी ती दिली. मी सांगून ठेवलं होतं म्हणून फोटोही काढला. संध्याकाळी तो वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला. आईचा चेहरा दिसत नव्हता, तेवढं भान मुलांनी राखलं होतं. पण पिशवी घेणारा हात होता, दाराची निळी चौकट होती आणि मागे खिळ्याला त्याचं दप्तर लटकलेलं होतं. त्या फोटोखाली नऊ जणांनी अंगठे दिले. मी दिवसभराची दमलेली, फोटो मोठा करूनही पाहिला नाही. हात जोडल्याची खूण टाकली आणि झोपले.

रात्रीतून तो ग्रुपमधून बाहेर पडला. पुढचे तीन रविवार वर्गाला आला नाही.

पहिल्या रविवारीच मला सगळं कळलं होतं. जायला मात्र तिसरा आठवडा लागला, कारण काय तोंड घेऊन जावं हे समजत नव्हतं. त्याचे वडील टेम्पो चालवायचे. अपघातात पाय मोडला आणि आठ महिने घरी होते. आई लोणची-पापड करून विकत होती. तिने मला बसवलं, चहा ठेवला. त्या चहाची साखर कुठून आली होती ते आम्हा दोघींनाही माहीत होतं. मी चूक कबूल केली, माफी मागितली. ती म्हणाली, “बाई, माल चांगला होता. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. आम्हाला गरज होतीच.” तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला आणखी जड गेलं. तो आतल्या खोलीतून बाहेर आला नाही.

मी जिना उतरत होते तेव्हा तो मागून आला. दोन पायऱ्या वरच उभा राहिला.

“टीचर, पोरं येताना मला गॅलरीतून दिसली होती. मी संडासात जाऊन बसलो. ती जाईपर्यंत.” चाळीचा संडास गॅलरीच्या टोकाला होता. मग त्याने विचारलं, “त्या दिवशी कुणी कुणी वहीत लिहिलं?”

मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन मी वह्या काढल्या. चार वह्यांत तीच तारीख होती आणि थोड्याफार फरकाने तेच वाक्य होतं: ‘गरीब कुटुंबाला शिधा दिला.’ चारही ठिकाणी माझी लाल शाईतली बरोबरची खूण होती.

पाळकसाहेबांकडे गेले तेव्हा मला वाटलं होतं ते धीर देतील, होतं असं म्हणतील. त्यांनी धीर दिला नाही. त्यांनी करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय काढून माझ्यापुढे ठेवला आणि विचारलं, “बाई, ‘अपकार स्मरत नाही’ हे वाचताय ना, यातला मूळ ग्रीक शब्द कुठला आहे माहीत आहे? हिशेबाचा. वहीत मांडून ठेवणं असा त्याचा अर्थ. तुमच्या धंद्यातला शब्द आहे.” प्रीती दुसऱ्याने केलेलं वाईट खात्यावर मांडत नाही, एवढंच ते बोलले. पुढचं त्यांनी माझ्यावर सोडलं.

पुढच्या रविवारी मी वर्गात उभी राहून सांगितलं की वह्यांची कल्पना माझी होती आणि ती चुकली. त्या मुलाचा विषय काढला नाही. सगळ्यांना तो माहीत होता. मग तेच वचन वाचायला दिलं. आठवीतल्या मुलीने वाचलं, ‘अपकार स्मरत नाही’, आणि जरा थांबून तीच म्हणाली, “मग उपकार?”

अपकार आणि उपकार. पहिल्या अक्षराचा तेवढा फरक. मी इतकी वर्षं ते वचन वाचत आले, पाठ म्हणत आले, आणि तेरा वर्षांच्या मुलीला जे दिसलं ते मला दिसलं नव्हतं. त्या दिवशी आम्ही वह्या बंद केल्या. लिहिलेली पानं मुलांनी आपापली घरी नेली. कोरी पानं सुटी करून बालवर्गाला चित्रं काढायला दिली.

तिथून पुढे मला कसलीच योजना नव्हती. आमच्या वर्गाला नेमून दिलेला शब्द मी फळ्यावर लिहिला आणि त्याच्या शेजारी त्याचे नातेवाईक लिहिले: दया, करुणा, कणव, उपकार. मुलांना विचारलं, घरात, शाळेत, रस्त्यावर हे शब्द कोण कधी वापरतं? शास्त्रातला अर्थ नको, कानावर पडलेलं सांगा.

दया कुणाची येते, तर आपल्यापेक्षा खालच्याची, असं मुलं म्हणाली. कुणी आपल्याला म्हटलं, ‘मला तुझी दया येते,’ तर राग येतो. उपकाराचं तर सगळ्यांनाच माहीत होतं. उपकार होतात, त्याखाली माणूस दबतो, ते फेडावे लागतात, नाही फेडले तर तो मिंधा होतो. एका मुलाने घरातली गोष्ट सांगितली. त्याच्या वडिलांनी मामांकडून पैसे घेतले होते आणि तेव्हापासून मामा आले की वडील आत जाऊन बसतात. करुणा पुस्तकात असते, कुणी बोलत नाही. आणि ममता? वर्गात जरा वेळ कुणी काही बोललं नाही. मग एक जण म्हणाला, “आईची असते.”

तेव्हा मी तो शब्द फोडून दाखवला. मम म्हणजे माझं. ममता म्हणजे माझेपण. मुलांनी शाळेत अभंग वाचलेले असतात. मी-माझं सोडायला संत सांगतात, हे त्यांना ठाऊक होतं, आणि एकीने ते बरोबर विचारलंही. आपल्या मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलात, त्याच शब्दाचा रोख निराळा आहे, असं मी सांगितलं. हे घर माझं, हा पैसा माझा, असं धरून ठेवणं संत सोडायला सांगतात आणि येशूही सोडायला सांगतो. इथे मात्र समोरच्या माणसाला माझा म्हणायचं आहे. माझ्या माणसाला मी भाकर दिली तर त्याची नोंद कशी करणार? मी अकरावीतल्या त्या मुलीकडे पाहिलं नाही, मुद्दामच. वर्गातल्या आणखी दोघा-तिघांनी मात्र पाहिलं.

त्याच महिन्यात आम्ही दुसऱ्या शमुवेलचा नववा अध्याय घेतला. मफीबोशेथची गोष्ट मुलांना फारशी माहीत नसते. दावीद-गल्याथ सगळ्यांना पाठ, हा मात्र कुणाच्या लक्षात नसतो. शौल राजा आणि त्याचा मुलगा योनाथान, म्हणजे मफीबोशेथचा बाप, लढाईत मेल्याची बातमी आली तेव्हा हा पाच वर्षांचा होता. दाई त्याला उचलून पळाली, तो पडला आणि दोन्ही पायांनी अधू झाला. पुढे दावीद राजा झाल्यावर त्याने विचारलं, शौलाच्या घराण्यातलं कुणी राहिलं आहे का, मला योनाथानासाठी त्याचं बरं करायचं आहे. शौल दाविदाच्या जिवावर उठलेला होता, पण योनाथानाला दाविदाने शब्द दिला होता. मूळ इब्री शब्द हेसेद. दिलेल्या शब्दाला जागणारी माया म्हणता येईल. मफीबोशेथ राजापुढे येतो आणि स्वतःला मेलेलं कुत्रं म्हणवून घेतो.

“त्याला लाज नसेल वाटली रोज राजाच्या पंगतीला बसायला?” एकाने विचारलं. त्या रविवारी तो मुलगा पहिल्यांदाच परत आला होता आणि मागच्या बाकावर बसला होता. वर्ग एकदम गप्प झाला. मी पुस्तकातच पाहत राहिले आणि तिथे एक गोष्ट दिसली जी मी आधी कधी सांगितली नव्हती. दावीद त्याला पंगतीला बसवतो ते नंतर. त्याच्या आधी तो त्याच्या आजोबाची शेतजमीन त्याच्या नावावर करतो. ती कसायला सीबा नावाचा माणूस, त्याचे पंधरा मुलगे आणि वीस चाकर लावून देतो. म्हणजे मफीबोशेथ राजाच्या ताटाला बसला तेव्हा त्याच्या घरात धान्य स्वतःच्या शेतातलं येत होतं. मी हे वाचून दाखवलं, त्यावर काही बोलले नाही. मागच्या बाकावरून आवाज आला, “मग ठीक आहे.”

आधीच्या पिढ्यांतल्या आमच्या लोकांना पंगतीचा अर्थ वेगळा सांगावा लागत नव्हता. अमेरिकन मराठी मिशन १८३१ मध्ये नगरला आलं, आणि पुढच्या शंभर वर्षांत या देवळांतून सगळ्यांत अवघड गेलेली गोष्ट कुठली असेल तर एकत्र बसून जेवण्याची. ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना त्यानंतर पाच वर्षं लागली, आणि त्या काळात सोवळं सुटणं ही त्यांची खरी लढाई होती. दुसऱ्याच्या हातचं खाणं हीसुद्धा शिकावी लागणारी गोष्ट आहे, हे त्या निमित्ताने मुलांना सांगितलं. त्यांना ते जुन्या काळातलं वाटलं. मग मी विचारलं, तुमच्यापैकी कुणाला कुणाची मदत घ्यायला आवडते? एकही हात वर झाला नाही.

म्हणून पुढचे चार रविवार आम्ही फक्त मिळालेल्याबद्दल बोललो. आधी मी सरळ विचारलं की देवाने तुमच्यावर ममता केली म्हणजे काय केलं. उत्तर एका दमात आलं: “येशू ख्रिस्त आमच्या पापांसाठी क्रूसावर मेला.” पाढे म्हणतात तसं. चूक काहीच नव्हतं त्यात, पण बोलताना एकाचाही आवाज हलला नाही. मग मी योहानाच्या पहिल्या पत्रातलं वचन लिहिलं: पहिल्याने त्याने आपणांवर प्रीती केली, म्हणून आपण प्रीती करतो. आणि विचारलं, काहीही परत देता येणार नाही असं कुणी तुम्हाला काही दिलंय का?

बराच वेळ शांतता. अशी शांतता मी पूर्वी दोन मिनिटांत भरून काढायची. त्या दिवशी बसून राहिले. मग हळूहळू यायला लागलं. एकीला तिच्या मावशीने वाढवलं होतं. एक जण दुसरीत असताना कालव्यात पडला होता आणि त्याला बाहेर काढून एक अनोळखी माणूस निघून गेला होता. एकाचे वडील दारू प्यायचे तेव्हा शेजारच्या मुस्लिम काकू त्या भावंडांना रात्री आपल्या घरात झोपवायच्या. हे सांगताना तो रडला. आणि त्यानेच म्हटलं, “त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. अम्मीला पण आत्ताच कळलं असेल की मला आठवतंय.” काकूंना तो अम्मी म्हणतो हे आम्हाला तेव्हा कळलं. त्यानंतर आम्ही क्रूसाबद्दल पुन्हा बोललो, तेव्हा कुणी एका दमात उत्तर दिलं नाही.

फळ हा शब्दही तेव्हाच नीट उलगडला. एका मुलाच्या चुलत्यांची राहात्याकडे डाळिंबाची बाग आहे. मी काहीतरी झाड-पाणी-सूर्यप्रकाश असं सांगत होते, तर तो म्हणाला, “टीचर, बहार धरायच्या आधी पाणी तोडतात. झाडाला ताण देतात. पानं गळतात, मग पाणी सोडलं की फुलं येतात.” आम्ही सगळे त्याचंच ऐकत बसलो.

दिवाळीच्या सुट्टीत वर्गाला घेऊन केडगावला गेले, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनला. आधी मुलांना वाटलं, नगरशेजारच्या केडगावला जायचंय, रिक्षाने पंधरा मिनिटांत. हे केडगाव दौंडच्या पलीकडे, पुण्याच्या लाइनवर. गाडीत मी त्यांना रमाबाईंची १८७४ च्या आसपासची हकीगत सांगितली. दुष्काळात आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. उरले रमाबाई आणि त्यांचा भाऊ. उपाशी होते, पण भीक मागायला आणि हलकी कामं करायला अभिमान आड येत होता, हे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवलं आहे. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या तिकडे गेल्या आणि उपासमारीतल्या शेकडो मुली घेऊन आल्या. आपण काय सोसलं ते त्यांना त्या मुलींकडे पाहून आठवलं होतं.

“वडील गेले तेव्हा त्या किती वर्षांच्या होत्या?” मागच्या बाकावरच्या त्या मुलाने विचारलं. खिडकीशी बसला होता.

“सोळा.”

तो पंधरा वर्षांचा आहे. मग दौंड येईपर्यंत काही बोलला नाही. केडगावला इतर मुलं फोटो काढत फिरत होती. छापखान्याची गोष्ट ऐकायला मात्र तो बराच वेळ थांबला. दुष्काळातून आणलेल्या मुलींना तिथे खिळे जुळवायला शिकवलं गेलं आणि रमाबाईंनी इब्री-ग्रीकवरून केलेलं मराठी बायबल त्यांनीच छापलं. १९२२ मध्ये रमाबाई वारल्या त्याच्या थोडंच आधी त्यांचं भाषांतर पुरं झालं होतं. शिधा मिळालेल्या मुलींच्या हातून छापलेलं शास्त्र. हे मी त्याला उद्देशून बोलले नाही. तो आपलं आपण ऐकत होता.

हे सगळं गोड-गोड झालं असं मात्र कुणी समजू नये. नोव्हेंबरात दहावीतली एक मुलगी वर्गानंतर थांबली. क्लासमधला एक मुलगा तिला रात्री-अपरात्री मेसेज करायचा, भेटायला बोलवायचा. तिला ते नको होतं, पण ती उत्तर देत राहिली. का, तर टीचर म्हणाल्या होत्या समोरच्याला आपलं म्हणा, आणि तोडून बोललं तर ते ममतेत बसणार नाही. ऐकून माझे हातपाय गार पडले. इतका महत्त्वाचा भाग मी कधी सांगितलाच नव्हता. डोंगरावरच्या प्रवचनातच येशू म्हणतो की तुमचं बोलणं होय तर होय, नाही तर नाही, एवढंच असावं. स्पष्ट नाही म्हणणं हाही खरेपणा आहे, आणि स्वतःला जपणं देवाला मान्य आहे. हे मी तिला सांगितलं आणि पुढच्या रविवारी, कुणाचा उल्लेख न करता, सगळ्या वर्गाला सांगितलं, मुलांना जास्त जोर देऊन. तिच्या परवानगीने तिच्या आईशी बोलले. आईने क्लासमध्ये जाऊन ते थांबवलं. मुलामुलींना दयाळू व्हायला शिकवणाऱ्या प्रत्येकाने हा धडा पहिल्याच महिन्यात घ्यावा असं मला आता अगदी कळकळीने वाटतं.

दुसरा प्रश्न एका मुलाचा. शाळेत एक जण त्याला ‘बाटगा’ म्हणायचा, सगळ्यांसमोर. “त्याला पण माझा म्हणायचं?” मी त्याला दुसरा गाल पुढे करायचं वचन सांगू शकले असते. ते खरंच आहे. पण योहानाच्या अठराव्या अध्यायात महायाजकापुढे शिपाई येशूला चपराक मारतो, तेव्हा येशू गप्प बसत नाही. मी चुकीचं बोललो असेन तर दाखव, बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस, असं विचारतो. शिवी देत नाही, हात उगारत नाही, पण विचारतो. आम्ही दोघांनी मिळून वर्गशिक्षकांना चार ओळींचं पत्र लिहिलं. शब्द थांबला. त्या दोघांची मैत्री झाली असं मला सांगता येणार नाही. प्रार्थनेत मात्र तो त्या मुलाचं नाव घेतो, हे मी ऐकलंय.

महिला मंडळानेही पद्धत बदलली. आता घरोघर पिशव्या जात नाहीत. एका किराणा दुकानात निधीतून पैसे भरलेले असतात. कुटुंबातलं कुणीही आपल्या सवडीने जाऊन हवं ते सामान घेतं, डाळ नको असेल तर पोहे घेतं. दुकानदाराकडे नाव नसतं, नंबर असतो. बैठकीत हे मी मांडलं, पण सुचवलं होतं शिधा गेलेल्या त्या मुलाच्या आईने.

आणि तो परत का आला हे मला डिसेंबरपर्यंत माहीत नव्हतं. मला वाटत होतं, माझ्या माफीमुळे आला असावा. त्याच्या आईनेच एकदा बोलता-बोलता सांगितलं. नववीतला तो मुलगा, सगळ्यांत जाड वहीवाला, ऑगस्टच्या शेवटी त्यांच्या दारात आला होता. दादा, मला बीजगणित अजिबात येत नाही, शिकवतोस का, म्हणाला. तेव्हापासून आठवड्यातून तीन दिवस येत होता, येताना काही आणायचा नाही, आणि आईने पोहे पुढे ठेवले की बशी संपवायचा. वर्गात त्याने यातलं एक अक्षरही काढलं नव्हतं. मी त्याला कधी विचारलं नाही. सहामाहीत त्याला गणितात एकसष्ट मिळाले एवढं मात्र त्याने मला हौसेने सांगितलं होतं.

आमच्याकडे हंगामाचा सण दिवाळीनंतर असतो. लोक शेतातलं, घरातलं काय काय वेदीपुढे आणून ठेवतात. बाजरीची कणसं, ऊस, भोपळे, अंडी, एखादा पाय बांधलेला कोंबडा, केक, शेवया. उपासनेनंतर अंगणात त्याचा लिलाव होतो आणि त्या दिवशी चार लिंबंसुद्धा दोनशे रुपयांना जातात. त्याच्या आईने लिंबाच्या लोणच्याची बरणी आणली होती, तोंडाला पांढरं फडकं बांधलेली. लिलावाच्या वस्तू उचलून फिरवायचं काम माझ्या वर्गाकडे होतं. बरणी त्यानेच उचलली आणि दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरून गर्दीतून फिरवली. “आईच्या हातचं!” असं ओरडत. बोली शंभरावर सुरू झाली. सेक्रेटरीबाई आणि मी शेवटपर्यंत राहिलो, आणि साडेतीनशेला ती मला मिळाली.

पैसे मोजून दिले तेव्हा तो बरणी घेऊन माझ्यापाशी आला.

“टीचर, लगेच उघडू नका हं. अजून मुरलं नाहीये. पंधरा दिवस थांबा आणि रोज हलवत जा. तुम्ही विसराल म्हणून सांगतोय.”